खिशात पैसा नाही, तरी नेपाळ, लंका आणि ब्रह्मदेश : धर्मानंद कोसंबींची पायपीट

पाठीवर पिशवी टाकून, कमीत कमी खर्चात देशोदेशी हिंडणे हा आजच्या पिढीचा शोध आहे, अशी आपली समजूत असते. सव्वाशे वर्षांपूर्वी गोव्यातील एक तेवीस वर्षांचा तरुण असाच घराबाहेर पडला. त्याला निसर्ग पाहायचा नव्हता. त्याला बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा होता आणि तो शिकवील असा गुरू हवा होता. त्याच्या प्रवासाविषयी हा धागा.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण जेमतेम. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि तो विषय त्यांच्या मनातून पुढे कधी गेलाच नाही. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा होता, म्हणजे पुण्याला पोचले तेव्हाच ते परमुलखात होते!

पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांनी त्यांना आधार दिला. पुढे इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत ते संस्कृत शिकण्यासाठी काशीस पोचले. या वाटेकडे नकाशात नीट पाहावे. होळकर आणि शिंदे यांच्या संस्थानांमुळे माळव्यात मराठी बोलणारी घरे होती. अनोळखी प्रांतात आपली भाषा बोलणारे दार सापडणे हे गरीब प्रवाशाचे सर्वांत मोठे भांडवल असते.

काशीत पोटाचा प्रश्न अन्नछत्राने सोडवला. राजेरजवाड्यांनी आणि सावकारांनी पुण्यसंचयासाठी चालवलेल्या या छत्रांवर कित्येक विद्यार्थी वर्षानुवर्षे जगले. येथे थोडे थांबायला हवे. ही छत्रे प्रामुख्याने ब्राह्मणांसाठी होती. कोसंबी जन्माने सारस्वत. त्याच वयाचा, तितकाच जिज्ञासू, पण दलित घरातील तरुण त्या पंगतीच्या जवळपासही फिरकू शकला नसता. ‘पैशाविना प्रवास’ हे वर्णन अपुरे आहे ते यामुळे. त्या प्रवासाची किंमत पैशात मोजली जात नव्हती, एवढेच.

आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून आमच्या बावड्यावरून सराटीकडे जाते. हजारो माणसे त्या दिवसांत खिशाचा विचार न करता चालतात, कारण वाटेवरच्या गावांत चुली पेटलेल्या असतात. अन्नछत्र, धर्मशाळा, विहार या संस्थांचे कार्य मला त्या चुलींवरून कळले.

१९०२ च्या आरंभी कोसंबी नेपाळला गेले. राणांच्या राजवटीत परक्याला काठमांडूत सहज शिरता येत नसे. महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना मात्र सवलत मिळे. डोंगराच्या दोन खिंडी पायी ओलांडून खोऱ्यात उतरावे लागे. एवढे करून हाती आली ती निराशा. त्यांच्या मनातला बौद्ध धर्म त्यांना तेथे भेटला नाही. ते परत फिरले, बुद्धगयेला आले आणि तेथून कलकत्ता व मद्रास मार्गे त्याच वर्षी सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत दाखल झाले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी त्यांचा पाली भाषेचा अभ्यास सुरू झाला आणि त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. श्रामणेराच्या दहा शीलांपैकी शेवटचे सोन्यारुप्याचा स्वीकार न करण्याचे आहे. आतापर्यंत पैसा नव्हता. आता तो घेण्यास मनाई झाली. भिक्षापात्रात मध्यान्हापूर्वी जे पडेल ते अन्न, आणि प्रवासाचे तिकीट एखाद्या उपासकाने काढून दिले तरच प्रवास.

१९०४ मध्ये ते ब्रह्मदेशात होते. हा देश त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता (तो वेगळा झाला १९३७ साली), त्यामुळे मध्ये समुद्र असला तरी सरहद्द नव्हती. तेथे त्यांना न्यानतिलोक हे जर्मन भिक्षू भेटले. पूर्वाश्रमीचे व्हायोलिनवादक असलेले हे गृहस्थ वाटेत वाजवून भाड्याचे पैसे जमवीत युरोपातून पूर्वेकडे आले होते. एक व्हायोलिनवर आलेला, दुसरा अन्नछत्रांवर. दोघांनी मिळून सगाइंगच्या डोंगरात ध्यानाभ्यास केला. माझ्या मते संपूर्ण कथेतील हा सर्वांत सुंदर प्रसंग आहे, आणि त्यावर आपल्याकडे फारच थोडे लिहिले जाते.

त्यानंतर कोसंबी हिंदुस्थानात परतले आणि भिक्षुवेषात कुशिनारा, लुंबिनी अशा बुद्धाच्या स्थळांना गेले. १९०६ मध्ये ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले, चीवर उतरले. सयाजीराव गायकवाडांनी पुढे त्यांना महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. शाळा अर्धवट सोडलेला माणूस अमेरिकेच्या आगबोटीत बसला. १९१२ पासून त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली.

हे सारे त्यांनी ‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्रात सांगितले आहे. नात मीरा कोसंबी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पुस्तक जरूर वाचा, पण वाचताना एका व्यक्तीकडे लक्ष असू द्या. पत्नी बाळाबाई. धर्मानंद निघाले तेव्हा त्यांच्या पदरी माणिक ही लहान मुलगी होती. काशीतले जेवण छत्राने दिले, कोलंबोतले विहाराने. गोव्यातील घराचा भार मात्र कोणत्याही संस्थेने उचलला नव्हता. १९०६ मध्ये धर्मानंद गोव्यात परतले, तेव्हा माणिक सहा-सात वर्षांची झाली होती.