गंगेच्या खोऱ्यातील ताम्रनिधी व ‘मानवाकृती’ वस्तूचे कोडे

इ. स. १८२२ मध्ये कानपूरनजीकच्या बिठूर येथे दोन्ही कडांस उलटे दाते असलेले भाल्याचे एक ताम्रपाते सापडले. १८१८ च्या पराभवानंतर दुसऱ्या बाजीरावाचे वास्तव्य याच गावी होते, त्यामुळे मराठी वाचकास हे स्थलनाम अपरिचित नाही. परंतु हे पाते पेशव्यांच्या काळाहून सुमारे साडेतीन हजार वर्षे जुने असावे. पुढे हरियाणापासून ओडिशा-बंगालपर्यंत अशाच तऱ्हेच्या वस्तू मिळत गेल्या. सपाट व स्कंधयुक्त कुऱ्हाडी, कडी, दातेरी भाले, मुठीचे टोक शिंगांसारखे दुभंगलेल्या तलवारी आणि ज्यांना ‘मानवाकृती’ म्हटले जाते अशा वस्तू यांचा त्यांत समावेश होतो. या संचांना ‘ताम्रनिधी’ ही संज्ञा रूढ झाली आहे.

यांतील बहुतेक निधी शेत नांगरताना किंवा अन्य निमित्ताने माती खणताना अकस्मात हाती लागले. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० साली मिळालेल्या निधीत तांब्याच्या ४२४ वस्तू व चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. एकट्या तांब्याचे वजन ८२९ पौंड भरले. एवढा मोठा संच हाती येऊनही तो कोणत्या लोकांचा, हे त्यावरून ठरविता आले नाही. कारण वस्तूंसमवेत खापरे, घरांचे अवशेष किंवा थरांची नोंद यांपैकी काहीच नव्हते.

दातेरी भाल्याचे अभिज्ञान त्या मानाने सुकर ठरले. पात्याच्या बुडाशी दोरी ओवण्यासाठी भोक अथवा कडी असते. यावरून, शिकारीच्या अंगात रुतलेले पाते दोरीने धरून ठेवण्याची ही योजना होती, हे उघड होते. मोठे मासे मारण्यास असे हत्यार उपयोगी पडते. शिवाय कॉकबर्न यांनी १८८३ साली मिर्झापूर भागातील एका शैलचित्राची प्रतिकृती प्रसिद्ध केली. तीत गेंड्याची शिकार करणाऱ्या माणसांच्या हाती दातेरी भाले दिसतात. अशा रीतीने वस्तूची घडण व तिच्या वापराचे चित्र यांची एकमेकांस पुष्टी मिळाली.

‘मानवाकृती’ वस्तूविषयी असे म्हणता येत नाही. ही वस्तू जाड ताम्रपत्र्याची असते. वर आखूड डोके, दोन्ही बाजूंस आत वळलेले हात व खाली फाकलेले पाय, असे तिचे सामान्य रूप आहे. शिवराजपूर येथील नमुना सुमारे ४८ सेंटिमीटर लांब व ३९ सेंटिमीटर रुंद असून त्याचे वजन सुमारे चार किलोग्रॅम आहे. नाक, डोळे वा वस्त्र यांची खूण या वस्तूंवर सामान्यतः नसते. तरीही आकारसाम्यामुळे अनेकांनी त्या देवतेच्या अथवा पूजेतील प्रतिमा मानल्या.

घडणीकडे लक्ष दिल्यास मात्र निराळा विचार सुचतो. पुष्कळ नमुन्यांत डोक्याची कड ठोकून जाड केलेली, हातांच्या बाहेरील कडा धारदार आणि पायांच्या कडा बोथट आढळतात. यावरून धर्मपाल अगरवाल यांनी, हे पक्ष्यांवर गरगरत फेकावयाचे अस्त्र असावे, असे अनुमान मांडले. केवळ प्रतिमाच घडवावयाची असती, तर धारेचे प्रयोजन उरले नसते, हे या मताचे बळ होय. तथापि चार किलोग्रॅम वजनाचे अस्त्र उडत्या पक्ष्यावर कसे फेकावे, या शंकेचे निरसन त्याने होत नाही. मूळ उपयोगाचे हत्यार पुढे मोठ्या आकारात केवळ पूजेसाठी घडविले गेले असणेही संभवनीय आहे.

या वस्तू कोणाच्या, या प्रश्नावरही प्रथम आकारावरूनच तर्क झाले. हाइने-गेल्डर्न यांनी १९३६ मध्ये त्यांचा संबंध वैदिक आर्यांशी जोडला. पिगट यांनी सिंधू संस्कृतीच्या विस्थापितांकडे बोट दाखविले. ब. ब. लाल यांनी वेगळा मार्ग धरला. पूर्वी ताम्रवस्तू मिळालेल्या बिसौली व राजपूर परसू या ठिकाणी त्यांनी उत्खनन केले आणि १९५१ मध्ये तेथील गेरू रंगाच्या खापरांकडे लक्ष वेधले. मात्र खापरे व ताम्रवस्तू एकाच थरात एकत्र मिळाल्या नव्हत्या. तो पुरावा १९७० च्या सुमारास इटावा जिल्ह्यातील सैपई येथे मिळाला. तेथे त्याच खापरांच्या थरात दातेरी भाला निघाला. पुढे बागपत जिल्ह्यातील सिनौलीच्या दफनभूमीत शृंगयुक्त मुठीची तलवार सापडली. पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मिळालेली तशाच मुठीची ताम्र कट्यारही येथे लक्षात घ्यावी लागते. ती ताम्रपाषाणयुगीन वसाहतीतील असल्याने, एका घाटाचे हत्यार वापरणारे सर्व एकाच समाजाचे, असे गृहीत धरता येत नाही.

तात्पर्य, भाल्याचा उपयोग चित्रामुळे निश्चित झाला आणि त्याचा काल व समाज थरामुळे. ‘मानवाकृती’स मात्र नाव आधी मिळाले आणि त्या नावाने तिचा अर्थही ठरविल्यासारखे झाले. तांबे मोडीत घालून वितळविता येते. वस्तू वाचली तरी ती जेथे होती तो थर एकदा उकरला गेला की पुन्हा जुळविता येत नाही. यास्तव नांगराच्या फाळाला लागलेली अशी वस्तू हलविण्यापूर्वी तिच्या जागेची व सभोवतालच्या खापरांची नोंद होणे, हेच या कोड्याच्या उकलीचे पहिले साधन होय.