मौजमजेचे इंग्रजी शब्द (मराठी बोलीतील)

पार्टी, पिकनिक, डीजे, एन्जॉय, थर्टी फर्स्ट हे शब्द मराठीत रुळले ते स्वतःचे अर्थ घेऊन. हिंगोली–वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाका आणि आसपासच्या ज्वारीच्या पट्ट्यात यांचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘हुरडा पार्टी’. रब्बी ज्वारीचे दाणे दुधाळपणा सोडून भरू लागले, पण अजून कोवळे असले, की शेतात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजून गरम असतानाच तळहातावर चोळतात, कोंडा फुंकून दाणे शेंगदाण्याच्या चटणीशी किंवा गुळाशी खातात. हुरडा पिढ्यानपिढ्यांचा, पार्टी हा शब्द मागून येऊन चिकटला.

एरवी ‘पार्टी देणे’ म्हणजे नोकरी लागली, गाडी घेतली की खर्च करणे. अशा पार्टीत पैसे पाहुण्यांनी देण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ‘पार्टी’ म्हणजे राजकीय पक्ष आणि ‘मोठी पार्टी’ म्हणजे पैसेवाला माणूस. ‘डीजे’ ही बोलीत व्यक्ती नसून वाहनावर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत आहे. म्हणून तो लावतात, बंदही पाडतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत. ‘थर्टी फर्स्ट’ महिना न सांगताही ३१ डिसेंबरच. ‘एन्जॉय’ला मराठीत कर्म लागत नाही: ‘मस्त एन्जॉय केला’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. ‘बँड वाजणे’ मात्र वरातीबाहेर फजिती होणे या अर्थानेच चालते.