1920 चा संप : विजेत्यांच्या यादीतील एक मुकी ओळ

शिरूर तालुक्यातील निमोणे आणि आसपासच्या गावांत रब्बीची पिके निघाली, की मोकळ्या रानात टेनिस चेंडूचे सामने रंगू लागतात. संघ जमवताना चेंडू कोण टाकणार यावर फारसा वाद होत नाही. ज्याचा चेंडू वळतो त्याला सारेच ओळखून असतात. वाद होतो तो नाणेफेकीला कोण जाणार यावर. म्हणजे कौशल्य मान्य करणे सोपे आणि अधिकार मान्य करणे अवघड. ही अडचण किती जुनी आहे, हे पाहायचे तर आपल्याला शंभर वर्षे मागे, मुंबईच्या मैदानावर जावे लागते.

हिंदू, पारशी, मुस्लीम आणि युरोपियन अशा चार संघांत खेळल्या जाणाऱ्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेच्या विजेत्यांची यादी उपलब्ध आहे. 1919 समोर हिंदू. 1920 समोर हिंदू आणि पारशी संयुक्त. 1921 समोर युरोपियन. आदल्या वर्षीच्या विजेत्या संघाला 1920 मध्ये अर्ध्या विजेतेपदावर समाधान मानावे लागले, एवढेच यादी सांगते. त्या हंगामात हिंदू संघातील दोन खेळाडूंनी खेळण्यास नकार दिला होता, हे ती सांगत नाही. धावांना आणि बळींना रकाने असतात. नकाराला रकाना नसतो.

या नकाराची पूर्वकथा पुण्यात सुरू होते. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातील. घराणे मूळचे कोकणातील पालवणीचे. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यात आले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, मैदान झाडण्याची आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याची. पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात महिना 4 रुपयांवर गेले. तेथे जे. जी. ग्रेग या नावाजलेल्या फलंदाजाला सरावासाठी ते तासन्‌तास चेंडू टाकत. आपला डावखुरा फिरकी मारा त्यांनी या चाकरीत घडवला. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्यांना तेथे एकदाही मिळाली नाही. खेळातही श्रमविभागणी होती आणि ती जन्मावरून ठरत होती, हे आपण विसरू नये.

पुण्यातील हिंदूंना युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यातून चहा मिळे आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. पुढे प्लेगच्या सुमारास ते मुंबईला गेले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातर्फे त्यांनी सर्व सामने मिळून 114 बळी घेतले. त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही हिंदू संघाकडून खेळू लागले; पैकी विठ्ठल हे त्या काळातील अव्वल फलंदाजांत गणले जात. तरीही बाळूंना कर्णधारपद मिळाले नाही. मागणी होत राहिली आणि निवड समिती प्रत्येक वेळी दुसरे नाव पुढे करीत राहिली.

1920 च्या हंगामासाठी कर्णधार म्हणून एम. डी. पै यांची निवड झाली. मुस्लीम संघाविरुद्धच्या पहिल्या सामन्यासाठी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. पै आजारी असल्याने नेतृत्वाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, तेव्हा समितीने पुण्याचे दि. ब. देवधर यांना पुढे केले. देवधर त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. पुढे संस्कृतचे प्राध्यापक आणि भारतीय क्रिकेटमधील एक थोर नाव म्हणून त्यांची कीर्ती झाली. त्यांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण सेवाज्येष्ठतेने विठ्ठल आणि शिवराम त्यांच्या पुढे होते, आणि बाळू तर सर्वांच्याच पुढे. बाळू पंचेचाळिशीला आले होते, तेव्हा त्यांच्यापुरते वयाचे कारण सांगता आले असते. धाकट्या भावांच्या बाबतीत तेही सांगता येण्याजोगे नव्हते.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी वृत्तपत्रांतून निवेदन दिले आणि आपल्याला डावलण्यामागे जात हे कारण आहे, असा अपमान सोसून खेळणे स्वाभिमानाला धरून नाही, ही भूमिका जाहीरपणे मांडली. इतकी वर्षे समितीच्या खोलीत दबलेला प्रश्न त्यामुळे वाचकांच्या चर्चेत आला.

या कृतीला संप म्हणावे काय? आमच्या मते म्हणावे. 'संप' या शब्दाचा जुना अर्थ एकी, संगनमत असा आहे. गुजरातीत तो आजही त्याच अर्थाने वापरतात. येथे एकी होती दोन भावांची, तीही तिसऱ्या भावावरील अन्यायासाठी. शिवाय ते वर्ष पाहावे. 1920 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत संप झाला होता. त्याच महिन्याच्या 31 तारखेला डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' सुरू झाले. मार्चमध्ये माणगावची परिषद भरली आणि शाहू महाराज तिला उपस्थित राहिले. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा ठराव स्वीकारला. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. काम थांबवणे, सहकार्य काढून घेणे आणि अस्पृश्यांनी आपली बाजू आपल्याच तोंडाने मांडणे, हे तिन्ही मार्ग त्या एका वर्षात मुंबईच्या हवेत होते. पालवणकर बंधूंच्या नकारात ते तिन्ही एकत्र आलेले दिसतात. त्यांनी यांतील अमुक एका घटनेपासून प्रेरणा घेतली, असा दावा आम्ही करीत नाही. त्यांची कृती त्या काळाला परकी नव्हती, एवढेच आमचे म्हणणे.

परिणाम काय झाला? त्यांच्या जागी इतरांना घेऊन हिंदू संघाने अंतिम फेरी गाठली. म्हणजे त्यांच्यावाचून संघाचे अडले नाही. तरीही पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यापूर्वी समितीला तडजोड करावी लागली. पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि दोघे भाऊ पुन्हा संघात आले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. सामना अनिर्णित राहिला, विजेतेपद वाटून घ्यावे लागले. क्रीडेच्या हिशेबाने हंगाम निराशेचाच. परंतु पंधराएक वर्षांच्या अप्रतिम गोलंदाजीने जे पद मिळाले नव्हते, त्याचा अंश एका सामन्याच्या गैरहजेरीने पदरात पडला. कर्तृत्वाला टाळ्या मिळत होत्या. अधिकाराचे दार मात्र नकाराने किलकिले झाले.

खेळाडूंच्या संपाचे मोजमाप त्याच हंगामाच्या गुणतक्त्यावर करू नये, याचे दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या जगातले आहे. न्यूयॉर्क जायंट्स हा अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधील संघ 1987 च्या जानेवारीत अजिंक्य ठरला होता. त्याच वर्षी पुढच्या हंगामात खेळाडूंनी 24 दिवस संप केला. करार संपल्यावर संघ निवडण्याचे स्वातंत्र्य ही त्यांची मुख्य मागणी होती. मालकांनी बदली खेळाडू उतरवून सामने चालू ठेवले. जायंट्सच्या बदली चमूने तिन्ही सामने गमावले आणि हंगाम 6 विजय व 9 पराभवांवर संपला. खेळाडू हात हलवत परतले. मात्र न्यायालयीन लढ्यांनंतर ते स्वातंत्र्य 1993 मध्ये त्यांना मिळालेच. तेथे प्रश्न कराराचा होता, येथे जातीचा; त्यामुळे दोन्ही संप एका मापाने मोजता येणार नाहीत. साम्य इतकेच, की दोन्हींचे फळ त्या वर्षीच्या तक्त्यात शोधून सापडत नाही.

मुंबईतील फळ दिसायला तीन वर्षे लागली. 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. ज्या बाळूंसाठी भाऊ अडून बसले होते, त्यांना मात्र पूर्ण कर्णधारपद कधीच लाभले नाही. म्हणून ही विजयगाथा म्हणून सांगण्याचा मोह आवरावा. पुढची वळणेही सरळ नाहीत. 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि 11,225 मते मिळवून पराभूत झाले. आंबेडकरांना 13,245 मते मिळाली. संधी मागत मागत आत शिरायचे की वेगळी वाट काढायची, या प्रश्नावर दलित समाजातच मतभेद होते. त्याच्या दोन बाजू त्या मतपेटीत समोरासमोर आल्या.

रामचंद्र गुहा यांनी 2002 च्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या ग्रंथात पालवणकर बंधूंना भारतीय क्रिकेटच्या इतिहासात मध्यवर्ती स्थान दिले. पण त्याआधी कितीतरी वर्षे, 1948 मध्ये, विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' मराठीत प्रसिद्ध झाले होते. दया पवारांच्या 'बलुतं'च्या आधी तब्बल तीस वर्षे. आपल्या अभ्यासक्रमांत दलित आत्मकथनांची परंपरा शिकवताना हे पुस्तक सहसा येत नाही. ते खेळाच्या कपाटात राहते. त्याची वाङ्मयीन योग्यता काय, हा स्वतंत्र विवेचनाचा विषय. परंतु अस्पृश्य गणल्या गेलेल्या एका माणसाने स्वतःचे आयुष्य मराठीत लिहावे आणि त्याचे विषयवार वर्गीकरण होऊन आपण त्याला मुकावे, हे साहित्याच्या अभ्यासकांना शोभणारे नाही.

विद्यार्थ्यांना विजेत्यांची ती यादी दाखवून 1920 समोर 'संयुक्त' का लिहिले आहे, असे विचारावे, अशी आमची सूचना आहे. उत्तर शोधताना ते कोणत्या कपाटापाशी जातात, ते पाहावे.