इंग्रजी क्रियापदांचा काळ : चुका ओळखा, चुका टाळा

'आय ॲम वर्किंग इन धिस कंपनी सिन्स फाइव्ह इयर्स.' नोकरीचे अर्ज आणि मुलाखती यांत हे वाक्य हमखास भेटते. 'मी पाच वर्षांपासून या कंपनीत काम करीत आहे' या निर्दोष मराठी वाक्याचे ते शब्दशः भाषांतर आहे, आणि तेथेच ते फसते. पूर्वी सुरू झालेली व अद्याप चालू असलेली क्रिया इंग्रजीत 'हॅव बीन वर्किंग' अशी सांगावी लागते आणि कालावधीसाठी 'सिन्स' नव्हे, 'फॉर' येतो. 'सिन्स' प्रारंभबिंदू दाखवतो; उदाहरणार्थ, 'सिन्स २०१९'. हेच वाक्य घाईत 'आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' असे लिहिले, तर उमेदवाराने ती नोकरी सोडली आहे, असा अर्थ निघतो. काळ बदलला की माहितीच बदलते.

राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. बँका व सरकारी नोकऱ्यांच्या स्पर्धा परीक्षांत वाक्यातील चूक ओळखण्याचे प्रश्नही विचारले जातात. तरीही काही चुका पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. त्यांतील बहुतेकांचे मूळ मराठीच्या वळणात सापडते.

'होतो' म्हणजे 'हॅड' नव्हे

'मी काल नाशिकला गेलो होतो' हे मराठीत स्वाभाविक आहे. इंग्रजीत मात्र 'आय वेंट टू नाशिक येस्टरडे' एवढेच पुरेसे असते. 'हॅड गॉन' नको. भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची घटना दाखवण्यासाठी 'हॅड' वापरतात. 'द ट्रेन हॅड लेफ्ट बिफोर वी रीच्ड द स्टेशन' या वाक्यात गाडी आधी सुटली, मंडळी नंतर पोहोचली.

'काल' आणि 'हॅव' एकत्र नकोत

'अर्ज कालच पाठवला आहे' या वाक्यातील 'आहे'मुळे 'आय हॅव सेंट द ॲप्लिकेशन येस्टरडे' असे लिहिले जाते. येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो असे संपलेल्या वेळेचे शब्द आले की साधा भूतकाळच हवा : 'आय सेंट द ॲप्लिकेशन येस्टरडे.' वेळ सांगायची नसेल, तर 'आय हॅव सेंट द ॲप्लिकेशन' योग्य ठरते.

'व्हेन' आणि 'इफ'नंतरचे 'विल'

'तो येईल तेव्हा मी सांगेन' यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ वापरते. इंग्रजीत 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम' असे म्हणतात. 'इफ'चेही तसेच : 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.' अटीच्या किंवा वेळेच्या उपवाक्यात 'विल' दिसले, तर तेथे थबकावे.

'डिड' आणि 'हॅविंग'

'ही डिड नॉट वेंट' ही सहज निसटणारी चूक. भूतकाळ 'डिड'ने आधीच सांगितलेला असतो, म्हणून मूळ क्रियापद येते : 'ही डिड नॉट गो.' त्याचप्रमाणे जाणणे, आवडणे, मालकी असणे या स्थिती आहेत, चालू क्रिया नव्हेत. म्हणून 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ऐवजी 'आय हॅव टू ब्रदर्स' हवे. 'वी आर हॅविंग लंच' मात्र बरोबर आहे, कारण तेथे 'हॅव'चा अर्थ जेवणे असा आहे.

चूक कशी शोधावी?

लेखन पूर्ण झाल्यावर ते एकदा केवळ काळासाठी वाचावे. प्रथम प्रत्येक क्रियापद अधोरेखित करावे. मग येस्टरडे, नाऊ, सिन्स, बिफोर यांसारख्या कालदर्शक शब्दांना चौकट करावी. शेवटी प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारावा : ही क्रिया संपली, चालू आहे की व्हायची आहे? संगणकावरील केवळ स्पेलिंग तपासणीवर विसंबू नये. 'डिड नॉट वेंट'मधील प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग बरोबरच असते.

परिच्छेदात मध्येच काळ बदललेला दिसला, तरी तो लगेच खोडू नये. 'शी जॉइन्ड द बँक इन २०१० अँड इज नाऊ अ मॅनेजर' यात दोन काळ आहेत आणि दोन्ही योग्य आहेत, कारण घटनांची वेळच वेगळी आहे. कारणाशिवाय झालेला बदल तेवढा दुरुस्त करावा.

मराठीत विचार करणे हा दोष नाही. मराठीतील 'आहे' आणि 'होते' इंग्रजीत जसेच्या तसे नेण्यापूर्वी क्षणभर थांबले, तरी यांतील बऱ्याच चुका कागदावर उतरण्याआधीच टळतात.