अनेकांगी मन : गिरगाव ते परळ

अनेकांगी मन : एकाच माणसाच्या मनात परस्परविरोधी ओढी, आवाज आणि भूमिका एकत्र नांदतात व त्यांची ओळख पटली की त्रास हलका होतो, असे मानणाऱ्या उपचार आणि स्वमदत पद्धतींसाठी येथे वापरलेली संज्ञा. सिग्मंड फ्रॉइडने मनाचे इदम्, अहम् व पराहम् असे भाग कल्पिले. एरिक बर्नने पालक, प्रौढ आणि बालक या तीन अवस्था सांगितल्या. अमेरिकी कुटुंबोपचारक रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८० च्या दशकात मनालाच एक कुटुंब मानले. त्यात दुखावलेले, घर सांभाळणारे आणि संकटात धावून येणारे सदस्य असतात, तसेच या सर्वांकडे शांतपणे पाहणारा एक ‘स्व’ही असतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः दक्षिण व मध्य मुंबईपुरती आहे.

पूर्वपीठिका : मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत मराठीत जुनी आहे. समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक हा तिचा सर्वांत परिचित नमुना होय. आधुनिक मनोविश्लेषणाचे भारतातील केंद्र मात्र कोलकाता राहिले. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये तेथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिची विरुद्ध इच्छा दडलेली असते, हा त्यांचा सिद्धान्त फ्रॉइडपेक्षा वेगळ्या वाटेने जाणारा होता. १९३८ मध्ये इटलीतील वंशद्वेषी कायद्यांमुळे देश सोडावा लागलेले मनोविश्लेषक एमिलिओ सर्वादिओ मुंबईत आले व दुसरे महायुद्ध संपेपर्यंत भारतात राहिले.

के.ई.एम. मधील प्रयोग : परळचे के.ई.एम. रुग्णालय व सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासून गिरणगावाच्या मधोमध उभे आहे. येथील मानसोपचार विभागाचे डॉ. एन. एस. वाहिया आणि डॉ. दूनगाजी, डॉ. दिलीप जेस्ते आदी सहकाऱ्यांनी पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती बसवली. तिच्यावरील निबंध १९७२-७३ च्या सुमारास भारतीय व परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

पाश्चात्त्य उपचारांचा भर भोवतालच्या परिस्थितीशी जुळवून घेण्यावर असतो. वाहियांचा रोख निराळा होता. माणूस बाहेरच्या घडामोडींना गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देत राहतो, म्हणून थकतो. ही गुंतवणूक कमी झाली की त्याच्या स्वतःच्या क्षमतांना वाव मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. योगाच्या अष्टांगांपैकी आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान ही पाचच अंगे त्यांनी घेतली. यम-नियम व समाधी बाजूला ठेवल्याने उपचाराला धार्मिक दीक्षेचे रूप आले नाही. चिंता, विषण्णता किंवा मनोकायिक तक्रारी घेऊन आलेले रुग्ण काही आठवडे नियमाने हा सराव करत.

तुलनेसाठीच्या गटाला आसने व प्राणायाम यांच्यासारख्या हालचाली दिल्या, परंतु पुढच्या पायऱ्या दिल्या नाहीत. पाचही पायऱ्या करणाऱ्यांत सुधारणा अधिक आढळली. गट लहान होते, त्यामुळे निष्कर्षांचे वजन बेताने धरावे. तरीही या रचनेचे महत्त्व मोठे आहे. शरीर सैल झाल्याचा लाभ आणि लक्ष आत वळवल्याचा लाभ वेगळे काढून पाहण्याची ती प्रामाणिक खटपट होती. पतंजलीने प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा व स्मृती अशा चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत. साधकाने त्यांच्याशी भांडावे असे तो सांगत नाही. त्याच्या विवेचनात द्रष्टा, म्हणजे पाहणारा, वृत्तींहून वेगळा आहे. श्वार्ट्झ यांचा ‘स्व’ आणि हा द्रष्टा एकच नव्हेत, पण शेजार जवळचा आहे. मनाच्या भागांना नावे देण्याआधी पाहणाऱ्याला बळ द्यावे, ही परळची दिशा प्रस्तुत लेखकाला अधिक पायाभूत वाटते. जेस्ते पुढे अमेरिकेत गेले व २०१२-१३ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले.

लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत अख्खे कुटुंब आणि गाळ्यांत पाळीपाळीने झोपणारे कामगार, अशी राहणी होती. अशा वस्तीत डोळे मिटून निवांत बसण्याची जागा एका सार्वजनिक रुग्णालयाने दिली, हेही या उपचाराचे अंग समजले पाहिजे.

विवेकनिष्ठ पद्धती : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धती मराठीत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचे. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. घटना, तिच्याविषयीची धारणा आणि परिणाम यांतील मधला दुवा तपासायचा, ‘झालेच पाहिजे’ हा हट्ट ओळखून खोडायचा, ही तिची रीत. येथेही ‘मी’ एकसंध नाही. मानसशास्त्रज्ञ आर्नल्ड लॅझरस यांच्या आकृतीत एका मोठ्या ‘मी’मध्ये असंख्य छोटे ‘मी’ भरलेले असतात. परीक्षेत नापास झालेला त्यांतला एक, आणि आजारी आईचे औषध वेळेवर देणाराही त्यांतलाच एक. एका छोट्या ‘मी’वरून सबंध माणसाला शिक्का मारणे तर्काला धरून नाही. संकोची, स्वतःला कमी लेखणाऱ्या माणसाला हे पटले की त्याची मान वर होते. म्हणूनच ही पद्धती दवाखान्याबाहेर, व्याख्याने व पुस्तके यांतूनही पसरू शकली. के.ई.एम. मध्ये घडलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने तिचा प्रसार पुढे नेला.

अंगात येणे : याला काही अभ्यासक मनाच्या दडपलेल्या भागाची वाणी मानतात, तर काही निव्वळ सामाजिक आचार; याबाबत मतभेद आहेत.

योगकेंद्रे : स्वामी कुवलयानंदांच्या कैवल्यधाम या योगसंस्थेची शाखा १९३० च्या दशकापासून मुंबईत असून ती गिरगाव चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर आहे.

सद्यःस्थिती : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक लक्षात ठेवावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.