कुमारवयीन हृदय आणि एक जुनी गणिती चूक

‘मोठे’ हे विशेषण सापेक्ष आहे; कशाच्या मानाने मोठे, हे सांगितल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. भाषेच्या अभ्यासकास हे नवे नाही. परंतु याच विशेषणाने कुमारवयीन खेळाडूंच्या हृदयाविषयी अर्धशतकाहून अधिक काळ गैरसमज पोसला, हे पाहण्याजोगे आहे.

इ. स. १८७९ च्या सुमारास जर्मनीतील मारबुर्ग येथील बेनेके यांनी निरनिराळ्या वयांतील हृदयाचे घनफळ आणि महारोहिणीचा परीघ यांची मापे प्रसिद्ध केली. त्यांवरून पाठ्यपुस्तककारांनी असे अनुमान काढले की, वयात येताना हृदय झपाट्याने वाढते, रोहिण्या मात्र मागे पडतात. सबब या वयात दमछाकीचे खेळ धोक्याचे होत. एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात हा इशारा निमूटपणे उतरत गेला. (पाठ्यपुस्तकांचा हा गुण सर्वच विषयांत आढळतो.) मध्यंतरी, १८९९ मध्ये, स्वीडनमधील हेन्शेन यांनी बर्फावर घसरत धावणाऱ्या खेळाडूंची छाती बोटांनी ठोकून त्यांचे हृदय मोठे असल्याचे दाखविले व ती वाढ हितकर मानली, तरी मुलांविषयीची भीती ओसरली नाही.

१९३७ साली अमेरिकेतील पीटर कार्पोविच यांनी मूळ आकडे पुन्हा तपासले. परीघ ही लांबी आहे, घनफळ त्रिमितीय आहे. आकृती सर्व बाजूंनी दुप्पट केली, तर परीघ दुप्पट होतो, आडव्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. रक्त वाहते ते छेदातून. परिघाऐवजी छेदाचे क्षेत्रफळ घेताच रोहिण्या मागे पडल्याचा देखावा नाहीसा झाला. आकडे बेनेके यांचेच होते! गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलेले हे तत्त्व कोणास आठवले नव्हते, एवढेच.

पुढे श्राव्यातीत ध्वनीने जिवंत हृदय मोजता येऊ लागले, तरी प्रश्न तोच राहिला. एकाच इयत्तेतील दोन मुलांच्या उंचीत वीतभर अंतर असते. त्यांच्या हृदयांची तुलना कशी करावी? १९९२ मध्ये दे सिमोने व सहकाऱ्यांनी डाव्या जवनिकेच्या वस्तुमानास उंचीच्या २.७ व्या घाताने भागण्याचे सुचविले. प्रस्तुत लेखकास वजनाने भागण्यापेक्षा हा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो, कारण वजनात मेदही येतो.

मात्र प्रत्येक वाढ निर्दोष मानणेही तितकेच घातक होय. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणीत ७२० कुमार खेळाडूंपैकी केवळ तिघांच्या डाव्या जवनिकेची भिंत १२ मिलिमीटरहून जाड आढळली. अशा विरळ मुलांत सरावाचा परिणाम कोणता आणि हृदयस्नायूचा आनुवंशिक विकार कोणता, हे वेळीच ओळखावे लागते. कारण तो विकार मैदानावर आकस्मिक मृत्यू घडवू शकतो.