‘हँग अप’ : टांगलेला फोन आणि ठेवलेला फोन

मागच्या महिन्यात आमची लेक रडवेली होऊन म्हणाली, “आजीने माझ्यावर हँग अप केलं!” घडले होते इतकेच की आजींनी “बरं, ठेवते हं” म्हणून फोन ठेवला. मराठीत हा निरोप. इंग्रजीत मात्र नुसते ‘हँग अप’ म्हणजे फोन बंद करणे, आणि पुढे ‘ऑन’ लागले की समोरच्याचे बोलणे तोडून फोन आपटणे. एका शब्दाने अपमान होतो.

पण फोन ‘टांगायचा’ कशासाठी? बेल यांना टेलिफोनचे पेटंट 1876 साली मिळाले. त्यानंतरच्या भिंतीवरच्या फोनना बाजूला एक आकडा असे. कानाला लावायचा भाग त्यावर टांगला की वजनाने आकडा खाली जाई, बोलण्याचे मंडळ तुटे आणि घंटी पुन्हा जोडली जाई. टांगायला विसरलात तर घंटी वाजत नसे आणि घरातली बॅटरीही उतरत असे. ही बॅटरी बहुधा लेक्लांशे घटाची : जस्त, कार्बन, मँगनीज डायॉक्साइड आणि नवसागराचे पाणी. हा घट सलग वापरला की मंदावतो, विश्रांती मिळाली की सावरतो. आम्हा रसायनवाल्यांच्या दृष्टीने ‘हँग अप’ म्हणजे घटाला विश्रांती!

इंग्लंडात याच अर्थी ‘रिंग ऑफ’ म्हणत, कारण बोलणे संपल्यावर हँडल फिरवून ऑपरेटरला तशी खूण करावी लागे. मुंबईत एक्स्चेंज 1882 साली सुरू झाले, पण आपल्या घराघरांत फोन आला तो बहुतेक मेजावरचा. तिथे रिसीव्हर उचलायचा आणि ठेवायचा, म्हणून आपण आजही ‘ठेवतो’. आता मोबाईलवर ना आकडा ना घोडी, तरी दोन्ही शब्द टिकून आहेत.

जाता जाता : ‘हँग ऑन’ म्हणजे नेमके उलटे, ‘थांबा, फोन ठेवू नका’. नव्याने आलेल्या वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगावे.

लेकीला मी आजींच्या ट्रंक कॉलच्या दिवसांची गोष्ट सांगितली. तीन मिनिटांच्या हिशेबाने पैसे पडत, म्हणून खुशाली विचारून झाली की लगेच ‘ठेवते’. ती घाई पैशांची होती, मायेची नव्हे. लेकीने थोडा विचार केला आणि आजींना स्वतःहून फोन लावला. शेवटी तीच म्हणाली, “आजी, ठेवते हं.”